मदत हवी आहे: अमेरिकेतल्या काउंटीची जुनी विवाहनोंद

रेवाकाठ:
आमचा कुलवृत्तांत पुढच्या महिन्यात छापायला जातोय. आजोबांचे थोरले काका शिकायला अमेरिकेत गेले, तिथेच लग्न करून राहिले. मंडळ म्हणतं, कागद दाखवा, नाहीतर 'अविवाहित' छापू. त्या बाईंचं नाव गाळलं जाणं मला मान्य नाही. काउंटीच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या) ऑफिसातून 'नोंद सापडत नाही' एवढंच उत्तर आलं. आता कुठे शोधू? लवकर सांगा प्लीज.

सिअ‍ॅटलकर:
कुठली काउंटी? साल? तिकडे तीन हजारांवर काउंट्या आहेत आणि लग्नाचा परवाना बहुतेक राज्यांत काउंटीच देते.

रेवाकाठ:
पोर्टलंड, ओरेगॉन. म्हणजे मल्टनोमा काउंटी. 1924 च्या आसपास.

घाटवाट:
फॅमिलीसर्च, वंशावळी शोधायची वेबसाइट! फुकट खातं उघडा. या लोकांनी 1938 पासून जगभरची दप्तरं मायक्रोफिल्मवर घेतली आहेत. माझ्या सासऱ्यांचं अख्खं घराणं तिथे सापडलं. बाकी कुठेही वेळ घालवू नका.

वकीलकाका:
परदेशी विवाहदाखला इथे चालवायचा तर अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) घ्या. तो त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून मिळतो.

रेवाकाठ:
काका, कोर्टात जायचं नाहीये. आधी कागद तर मिळू दे. @घाटवाट, पाहिलं, ओरेगॉनमध्ये काही नाही. जळलं असेल का?

सिअ‍ॅटलकर:
जळल्या त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नोंदी, 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत. तुमचं प्रकरण वेगळं वाटतंय. लग्न पोर्टलंडमध्येच झालं हे कशावरून?

रेवाकाठ:
राहायचे तिथे. पत्रात 'व्हँकुव्हरला जाऊन लग्न केलं' आहे, पण मंडळातले म्हणतात तो कॅनडा, त्याचा काउंटीशी संबंध नाही.

घाटवाट:
मग कॅनडाच. ब्रिटिश कोलंबियाच्या अभिलेखागाराची सूची ऑनलाइन आहे.

सिअ‍ॅटलकर:
अहो, हे आधी सांगायचं ना! कॅनडा नाही. पोर्टलंडसमोर कोलंबिया नदी ओलांडली की वॉशिंग्टन राज्यातलं व्हँकुव्हर लागतं, क्लार्क काउंटी.

घाटवाट:
तर्क आहे हा तुमचा. कॅनडातही हिंदी (म्हणजे भारतीय) लोक होतेच.

सिअ‍ॅटलकर:
होते, पण 1914 मध्ये कोमागाता मारू हे हिंदी प्रवाशांचं जहाज परत पाठवणाऱ्या देशात हिंदी माणूस लग्नासाठी सीमा ओलांडून जाईल? बाई गोऱ्या होत्या का? ओरेगॉनमध्ये गोऱ्यांनी ठरावीक वंशांच्या लोकांशी लग्न करायला 1951 पर्यंत बंदी होती. वॉशिंग्टनने तसला कायदा 1868 मध्येच काढला. पोर्टलंडची जोडपी नदीपलीकडे जायची.

रेवाकाठ:
हो, गोऱ्या. एडिथ नाव.

सिअ‍ॅटलकर:
मग वॉशिंग्टन स्टेट आर्काइव्हजचं डिजिटल दप्तर बघा. ते चेनी गावात आहे, शोध फुकट. बाईंच्या नावाने शोधा. आपली नावं कारकून कानाला येतील तशी लिहीत, वडिलांचं नाव आडनाव म्हणून चढत असे. सूचीतल्या एका ओळीवर थांबू नका. अर्जासोबतचं शपथपत्र, परवाना आणि लग्न लावणाऱ्याने भरून परत पाठवलेला दाखला, तिन्ही मागा. दाखल्यावर साक्षीदारांची नावं असतात.

वऱ्हाडी:
ओरेगॉनवरून आठवलं, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिथेच शेतकी शिकले, गदर या क्रांतिकारी संघटनेत होते आणि पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले. तुमच्या काकांचा संबंध असेल का?

पंचवटी:
सगळं सोडा, त्र्यंबकेश्वरला तुमच्या क्षेत्रोपाध्यांकडे नामावळी बघा. आमच्या सात पिढ्या तिथे आहेत.

रेवाकाठ:
नामावळीत काका आहेत, एडिथ नाही. त्या कधी भारतात आल्याच नाहीत.

सिअ‍ॅटलकर:
अजून एक धागा. 1922 च्या केबल कायद्याने, नागरिकत्वाला अपात्र ठरणाऱ्या परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जायचं, आणि 1923 मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी लोकांना अपात्रच ठरवलं. अशा बायका पुढे नागरिकत्व परत मागत. तसा अर्ज अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये निघाला तर त्यात लग्नाचं ठिकाण आणि तारीख मिळू शकते.

रेवाकाठ:
क्लार्क काउंटीत एडिथ सापडली!! 1925, नवऱ्याचं आडनाव म्हणून आमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव. तिन्ही कागदांसाठी आत्ताच लिहिते. मंडळाला पान अडवून ठेवायला सांगितलंय.

वकीलकाका:
प्रमाणित प्रतच मागा. साधी झेरॉक्स अपॉस्टिलला चालत नाही.