वंडूरहून जॉली बॉय: पोहता न येणाऱ्यांना प्रवाळ दिसतील का?

शहापूर_बेळगाव: जानेवारीत अंदमानला जायचं ठरतंय. वंडूरहून बोटीनं जॉली बॉय बेट बघायचं आहे. आई-बाबा साठीच्या पुढचे, दोघांनाही पोहता येत नाही. तयारी काय करावी?

खानापूरकर: आधी वार बघा, हे बेट ज्यात येतं ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. जानेवारीत जॉली बॉय खुलं असतं. पावसाळ्यात ते बंद ठेवून रेडस्किन बेटावर नेतात, प्रवाळांना उसंत मिळावी म्हणून. वनखात्याचा परवाना आधीच काढा, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

बेटाला धक्का नाही. मोठी बोट समुद्रातच थांबते, तिथून काचेच्या तळाच्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. पोहता येत नसलं तरी त्या काचेतून प्रवाळ छान दिसतात. मात्र चढ-उतार हलत्या बोटीत असतो. गुडघे दुखत असतील तर खलाशाचा हात धरूनच उतरवा. पट्ट्याच्या चपला घाला.

प्लास्टिक चालत नाही. पाणी स्टीलच्या बाटलीत, चपाती-शेंगाचटणी स्टीलच्या डब्यात. कुंदा नेणार असाल तर तोही डब्यात काढा.

निपाणी_७७: स्नॉर्कलिंग, म्हणजे डोळ्या-नाकावर काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून तरंगत खाली बघणं, करणार असाल तर मास्क तिथंच तपासून घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. गळला की लोक पट्टा आवळतात, त्यानं कड दुमडते आणि पाणी जास्तच शिरतं. मिशीपाशी झिरपत असेल तर थोडं व्हॅसलिन लावा, कडेखाली केस अडकू देऊ नका.

लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायचं, श्वास फक्त तोंडानं. दमलात तर पाय टेकायला प्रवाळ शोधू नका, गाइडला हाक मारा. गोलाकार दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही उचलू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

चिकोडी_घाटमाथा: घड्याळ एकच असलं तरी तिथं सूर्य बेळगावपेक्षा तासाभराहून आधी मावळतो. सकाळचीच बोट धरा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास. बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

शहापूर_बेळगाव: बाबांचा चष्मा मास्कच्या आत चालेल का?

निपाणी_७७: नाही. काडी कडेखालून जाते, तिथूनच पाणी येतं. पाण्यात वस्तू पाव हिश्शानं जवळ दिसतात, त्यामुळं किरकोळ मायनस नंबर असेल तर चष्म्याविना भागतं. नंबर मोठा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क बघा, नाहीतर काचेची होडीच बरी.