उंच पाठीची डॅनिश आरामखुर्ची: चकचकीत घ्यावी की फाटकी?

अनुजा_रेडिंग

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईचा आहे.

पुढच्या महिन्यात बाबा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला येतायत. वय ७६, कंबर आणि मान दोन्हींची तक्रार. आमच्या सोफ्यात ते रुततात आणि डोकं टेकायला मागे काही नसतं. म्हणून डोक्यापर्यंत पाठ असलेली खुर्ची शोधायला निघाले आणि १९५०-६० च्या डॅनिश खुर्च्यांच्या प्रेमात पडले. आता बाबांपुरती एक घेऊन थांबेन असं वाटत नाही, त्यामुळे पहिलीच नीट पारखून घ्यायची आहे.

दोन समोर आहेत. पहिली एका डीलरकडे. सागवानी, नवं राखाडी कापड, लाकूड इतकं गुळगुळीत की हात फिरवतच राहावं. शिक्का कुठेही नाही, 'डॅनिश, साठचं दशक' एवढंच सांगतात. ६५० पौंड. दुसरी आमच्याच भागातल्या एका आजींची. त्या गेल्या, मुलगा घर रिकामं करतोय. कापड फाटलंय, गादी दाबली की पिवळी भुकटी गळते, बसलं की बूड खाली जातं. लाकूड काळपट, एका हातावर कपाचा गोल डाग. पण मागच्या बाजूला छोटी धातूची चकती आहे: 'फ्रान्स अँड सोन, मेड इन डेन्मार्क'. तो १४० पौंड मागतोय. फ्रान्स आणि डेन्मार्क दोन्ही एकाच चकतीवर कसे, तेही कळेना.

नवऱ्याचं मत, आयती तयार आहे ती घे, फाटक्या खुर्चीवर बाबांना बसवायचं का. जाणकारांनी सांगा.

देवदत्त_ऑरहूस

अनुजाताई, दुसरी घ्या. कारण सविस्तर लिहितो, कारण पुढच्या प्रत्येक खुर्चीला ते लागू पडेल.

आधी चकतीचं. फ्रान्स हे आडनाव. चार्ल्स फ्रान्स नावाचे इंग्रज गृहस्थ डेन्मार्कमध्ये गाद्यांच्या धंद्यात होते, पुढे एरिक डावरकोसेन यांच्यासोबत फर्निचरमध्ये उतरले. १९५७ पर्यंत चकतीवर 'फ्रान्स अँड डावरकोसेन' असायचं, नंतर 'फ्रान्स अँड सोन' आलं. साठच्या दशकातच कारखाना दुसऱ्या हातात गेला. म्हणजे तुमच्या खुर्चीचा काळ त्या दहाएक वर्षांत बसतो. फिन यूल, ग्रेटे याल्क, पेटर व्हिट आणि ओर्ला मोल्गार्ड-निल्सन अशा मंडळींनी त्यांच्यासाठी डिझाइन्स केली. सागात सिलिका असते, पोलादी पात्याची धार बघता बघता जाते, हे आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला ठाऊक आहे. यांनी कार्बाइडच्या, म्हणजे पोलादापेक्षा खूप कठीण पदार्थाच्या, टोकांची पाती लावली आणि साग यंत्रावर, मोठ्या प्रमाणात घडवून दाखवला. माल मुख्यतः परदेशी जायचा, म्हणून बऱ्याच खुर्च्या बोल्ट काढून सुट्या करता येतील अशा बांधलेल्या आहेत. तुमच्या इंग्लंडात त्या सापडतात त्या यामुळेच.

आता मुख्य गोष्ट. आरामखुर्चीतलं कापड, गादी आणि बैठकीखालचे पट्टे हे झिजणारच. ते बदलायचे, हे घडवणाऱ्यांनीही धरलेलं होतं. लाकडाचं तसं नाही. एकदा घासून काढलेलं लाकूड कुणी परत आणून देत नाही. म्हणून फाटकी खुर्ची मला कधीच घाबरवत नाही, 'हात फिरवतच राहावं' अशी गुळगुळीत खुर्ची घाबरवते.

खुर्चीच्या हाताकडे जवळून बघा. पुढे तळवा टेकतो तिथे तो रुंद आणि जवळजवळ चपटा असतो, कोपराकडे जाताना निमुळता होत वळतो. वरचा पृष्ठभाग बाजूला मिळतो तिथे एक बारीक कड लांबवर धावते. त्या कडेवरून नख आडवं फिरवा, नखाला ती जाणवली पाहिजे. पॉलिश पेपरचं यंत्र फिरलं की पहिली तीच जाते आणि हात साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गोल होतो. मग पाय जिथे हातात शिरतो तो सांधा बघा. मूळ खुर्चीत दोन्ही लाकडं एका पातळीत असतात, बोटाला अडथळा लागत नाही. घासलेल्या खुर्चीत तिथे खळगा पडलेला असतो. डीलरच्या खुर्चीवर हे दोन्ही करून बघा.

मग खुर्ची उलटी करा, कुणीही असो, न लाजता. खालच्या बाजूचं लाकूड कोरडं, थोडं असमान रंगाचं असायला हवं. वर आणि खाली एकसारखा चकचकीत रंग असेल तर तेलाच्या जागी लॅकर मारलेलं आहे, किंवा खुर्चीच नवी आहे. बैठकीखाली आत रबर आणि वर सुताची वीण असलेले पट्टे असतील. रबर इतक्या वर्षांत वाळून ताणच सोडतं, म्हणून बूड खाली जातं. तसे पट्टे आजही मिळतात आणि घरी लावता येतात. पिवळी भुकटी म्हणजे जुना लॅटेक्स फोम. त्याचंही आयुष्य संपलेलं आहे, बदला. मात्र जुनं कव्हर टाकू नका. शिवणी उसवून तोच नमुना ठेवून नवं बेतायचं, म्हणजे गादीची जाडी आणि कडांचा घाट बरोबर येतो.

खरी परीक्षा सांध्यांची. पाठीचं वरचं टोक धरा आणि खुर्ची हळू पुढे-मागे हलवा. पाठ जितकी उंच तितका तिचा तरफेसारखा जोर खालच्या सांध्यावर जास्त येतो, म्हणून या जातीच्या खुर्च्यांत मागचा पाय आणि बैठकीची चौकट यांचा सांधा सगळ्यात आधी ढिला होतो. नुसता सरस सुटला असेल तर दुरुस्ती सोपी. लाकूड उभं चिरलं असेल, किंवा कुणी मधूनच स्क्रू मारून आवळलं असेल, तर १४० पौंडांतही घेऊ नका.

मानेच्या उशीचंही विचारा. उंच पाठीच्या बऱ्याच डॅनिश खुर्च्यांना एक लहान उशी यायची. तिला मागून पट्टे आणि त्यांच्या टोकाला वजन, त्यामुळे उशी पाठीवरून लोंबते आणि बसणाऱ्याच्या मानेच्या उंचीला सरकवता येते. घर रिकामं करताना हीच आधी कचऱ्यात जाते. बाबांच्या मानेसाठी ती खुर्चीइतकीच कामाची आहे.

माझ्याकडे हान्स वेग्नर या डॅनिश डिझायनरची 'जीई २९०' नावाची खुर्ची आहे, उंच पाठीची. डिझाइन १९५३ चं, घडवली गेटामाने. ही कंपनी मुळात समुद्री गवताच्या गाद्या करणारी, नावातही त्याचीच आद्याक्षरं आहेत, आणि या खुर्चीच्या गादीत आत स्टीलच्या स्प्रिंगा आहेत. मी घेतली तेव्हा कापडाच्या चिंध्या होत्या, पण हाताच्या कडा शाबूत. आज रोज संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून वाचतो. वेग्नर स्वतः सुतारकामाची उमेदवारी करून पुढे आलेला माणूस, आणि डेन्मार्कमधल्या आमच्या ऑरहूसच्या टाउन हॉलचं फर्निचर त्याने तरुणपणी वास्तुविशारद आर्ने याकोबसेन आणि एरिक मोलर यांच्या हाताखाली केलं. तिथल्या खुर्च्या पाहूनच मी या नादाला लागलो.

मेधा_लेस्टर

देवदत्त, लाकडाबद्दल शंभर टक्के पटलं. एक भर घालते, म्हणजे त्या डीलरवर विनाकारण संशय नको.

इथे ब्रिटनमध्ये १९८८ पासून फर्निचरच्या आगीबद्दलचे नियम आहेत. १९५० नंतर बनलेली गादीची खुर्ची धंदा म्हणून विकायची तर फोम आणि कापड त्या नियमांत बसावं लागतं. साठच्या दशकातलं मूळ फोम त्यात बसत नाही. त्यामुळे प्रामाणिक डीलरलाही कापड आणि फोम बदलूनच विकावं लागतं. नवं राखाडी कापड हा दोष नव्हे. चॅरिटीची दुकानं लेबल नसलेल्या खुर्च्या घेत नाहीत त्याचंही कारण हेच, आणि त्यामुळे चांगल्या चांगल्या चौकटी भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. घरगुती विक्रीला तो नियम नाही, म्हणून अनुजा, आजींच्या मुलाकडून तुला ती घेता येते. पण तू स्वतःहून फोम नियमातलंच घाल. ते जुनं फोम भराभर पेटतं आणि बाबा त्यात डुलक्या घेणार आहेत.

कापडाचं म्हणशील तर लोकरीचं घे. डॅनिश डिझायनर नाना डिट्झेल यांनी १९६५ मध्ये केलेलं हॅलिंगडाल नावाचं कापड अजून विणलं जातं. महाग आहे, पण काळाला धरून आहे आणि झिजता झिजत नाही. कापडवाल्याला आगीच्या नियमांचं विचारून घे, काही वेळा खाली वेगळं अस्तर लावायला लागतं.

श्रीरंग_पुणे

ताई, पुढेमागे खुर्ची भारतात आणायचा विचार असेल तर दोन शब्द. सागाची काळजी करू नका, पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात साग टिकतो हे आपल्या वाड्यांचे खांब सांगतात. लोकरीच्या कापडाला मात्र कसर लागते. दर दोन-तीन महिन्यांनी गाद्या उन्हात घाला, शिवणीत ब्रश फिरवा.

आणि पुढच्या खुर्च्या घेताना रोझवुड दिसलं तर थांबा. त्या काळातल्या बऱ्याच डॅनिश खुर्च्या ब्राझीलच्या रोझवुडच्या आहेत, आपल्या शिसवीचंच ते कूळ. १९९२ पासून ते झाड साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय अशी खुर्ची सीमेपलीकडे नेली तर जप्त होऊ शकते. साग त्या यादीत नाही.

अनुजा_रेडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्हीकडे जाऊन आले.

डीलरच्या खुर्चीच्या हाताला कड कुठेच लागली नाही, आणि पायाच्या सांध्यावर खळगा बोटाला स्पष्ट कळला. आजींच्या खुर्चीची कड हाताच्या टोकापासून टोकापर्यंत आहे! उलटी केली तर पट्टे लोंबतायत, एक तुटलेला. डावीकडचा मागचा सांधा किंचित हलतो, पण चीर दिसत नाही आणि स्क्रूही नाहीत. मानेची उशी माळ्यावरच्या खोक्यात असेल असं मुलगा म्हणाला.

आता एकच चिंता. बसल्यावर बैठक जमिनीपासून ३६ सेंटीमीटरवर येते. बाबांचे गुडघे बघता त्यांना उठवेल का? पायांखाली ठोकळे लावू? आणि कपाच्या डागाचं काय करू?

देवदत्त_ऑरहूस

वा, कड आहे हे ऐकून फार बरं वाटलं. घेऊन टाका.

३६ हा आकडा मेलेल्या पट्ट्यांचा आहे. नवे पट्टे ताणून लावले आणि गादीत नवं घट्ट फोम आलं की बैठक बरीच वर येईल. फोम कापून घेताना बाबांचं वजन सांगा आणि पुढच्या कडेला घट्ट प्रत मागा, कारण उठताना माणूस आधी पुढे सरकतो आणि सगळा भार तिथेच येतो. त्यानंतरही कमी वाटलं तर काढता येणारे ठोकळे लावा, पायाला भोक पाडू नका. उठताना तळवे हाताच्या पुढच्या रुंद भागावर टेकवून जोर द्यायला बाबांना सांगा, तो भाग तेवढ्यासाठी रुंद ठेवलेला आहे.

डाग राहू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको. आधी व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायला वापरतात ते टर्पेंटाइनसारखं द्रावण) जुना मळ पुसा, अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, मग टीक ऑइलचा पातळ हात देऊन अर्ध्या तासाने जादा तेल पुसून काढा. काळपटपणा निम्म्याहून जास्त जाईल, डागही फिका पडेल. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा आणि मगच टाका.

डावा सांधा सगळ्यात आधी. बोल्ट काढून चौकट सुटी होत असेल तर करा, जुना सरस खरवडून पूर्ण काढा, नवा लावून शिकंजात रात्रभर ठेवा. जुन्या सरसावर नवा सहसा नीट धरत नाही. मग पट्टे, मग फोम, कापड सगळ्यात शेवटी. बाबा येईपर्यंत कापड आलं नाही तर गादीवर एखादी जाड चादर गुंडाळा, खुर्ची बसायला तयार आहे.

अनुजा_रेडिंग

उद्या सकाळी गाडी घेऊन जातोय. नवऱ्याला कड दाखवली, तोही आता शिकंजे शोधतोय. मेधाताई, लेस्टरला नियमातलं फोम मापाने कापून देणारं कुणी माहीत असेल तर सांगाल का?

मेधा_लेस्टर

रेडिंगलाच मिळेल, इतक्या लांब येऊ नकोस. गादीचं जुनं कव्हर सोबत ने आणि कागदावर बैठकीचा आकार उतरवून घे, पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी रुंद असते. पाठीची गादी बैठकीपेक्षा मऊ प्रतीची माग.