समुद्राकाठच्या गाडीला नवीन सायलेन्सर : स्टेनलेसचा ३०४, ४०९ की ॲल्युमिनाइज्ड?

मालवणी_चाक
गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, टर्बो नाही. वापर मालवण-कुडाळ, बहुतेक फेऱ्या ५-६ किलोमीटरच्या. मागचा डबा (मफलर) खालच्या शिवणीवर कुजलाय, मधल्या नळ्याला वेल्डिंगजवळ खवले सुटलेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावणार नाही, त्याच्या मागचं सगळं बदलायचंय. गॅरेजमध्ये तीन पर्याय मिळाले : एम.एस. (साधं पोलाद) नळ्यावर सिल्व्हर रंग, ॲल्युमिनाइज्ड, आणि 'एस.एस.' (स्टेनलेस). ग्रेड विचारला तर "एस.एस. म्हणजे एस.एस.". काय घ्यावं?

तापलेला_नळा
एम.एस. विसरा. खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत चाळण होते, आणि तो सिल्व्हर रंग आतून लागत नाही. तुमचा डबा आतूनच कुजलाय. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ५ किलोमीटरच्या फेरीत मागचा डबा नीट तापतच नाही, त्यामुळे ते पाणी तळाशी साचतं आणि त्यात आम्ल उतरतं. म्हणून साहित्य कुठलंही घ्या, डब्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिमीचं भोक ठेवायला सांगा. फुकटचं काम आहे, पण कोणी करत नाही.

ॲल्युमिनाइज्ड म्हणजे साध्या पत्र्यावर ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा थर. पत्रा अख्खा आहे तोवर उत्तम, पण कापलेली कड आणि वेल्डिंगचा पट्टा उघडा पडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. कंपनीचे सायलेन्सर बहुधा याच जातीचे असतात. वरून तांबूस दिसतो, पण लवकर भोक पडत नाही. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. तुमच्या पट्ट्यात मी ३०४ च घेईन, त्यातही कमी कार्बनचं ३०४एल मिळालं तर तेच.

आर्गन_टॉर्च
"एस.एस. म्हणजे एस.एस." म्हणणाऱ्याकडे बहुतेक २०२ असतो, तोच रेलिंगचा पाइप. निकेल कमी, मँगनीज जास्त. लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येत नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. चुंबकाने फक्त ४०९ वेगळा कळतो, तो घट्ट चिकटतो. स्टीलच्या व्यापाऱ्याकडे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं तपासणीचं द्रावण असतं. २०० मालिकेवर (२०२ त्यातलाच) थेंब लगेच लाल होतो. पाइप कापण्याआधी दुकानातच थेंब टाकायला लावा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

खरी गोची मात्र जोडात होते. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल जातीचा वेल्डिंग रॉड, आणि ३०४ ला ४०९ किंवा एम.एस. जोडताना ३०९एल. जोड मारताना नळ्याची दोन्ही तोंडं टेपने बंद करून आतूनही आर्गन (हवा दूर ठेवणारा वायू) सोडायचा. तो सोडला नाही तर वरून शिवण चकचकीत दिसते आणि आत साखरेसारखा काळा, खरखरीत थर जमतो. तडा तिथूनच जातो. ब्रशही एस.एस.चाच हवा, एम.एस.वर वापरलेला नको. त्याचे कण घासले गेले की चांगल्या नळ्यावर गंजाचे ठिपके येतात. आणि कोणी जी.आय.चा (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्तात वापरू म्हणाला तर सरळ निघा. वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो आणि करणाऱ्याला ताप भरतो.

पानागॅरेज
३०४ ला माझी हरकत नाही, पण नुसता नळा बदलून भागत नाही. ३०४ तापल्यावर ४०९ पेक्षा जवळपास दीडपट वाढतो. ३ मीटरच्या नळ्याचं तापमान ३०० अंशांनी चढलं तर ४०९ सुमारे १० मिमी लांबतो आणि ३०४ १५ मिमी. जुन्या रबर माउंटिंगवर तसाच अडकवला तर मागचं टोक बंपरला घासतं किंवा फ्लँजचा (बोल्टने आवळलेल्या चकत्यांचा) जोड ताणाने फुटतो. रबरं नवीन घाला. बंपर आणि नळा यांत २० मिमी तरी मोकळं ठेवा. इंजिनजवळचा लवचिक फ्लेक्स पाइप कडक झाला असेल तर तो आत्ताच बदला. फ्लँजला एस.एस.चा बोल्ट आणि एस.एस.चाच नट लावलात तर तापून एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या खेपेला तोडावे लागतात. तांब्याचा मुलामा असलेले नट घ्या, आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे धरू न देणारं वंगण) लावा.

मालवणी_चाक
नळा किती जाडीचा? गॅरेजवाला म्हणतो ६३ मिमी व्यास घाला, गाडी 'उघडते'.

तापलेला_नळा
या इंजिनला ६३ घालून फक्त घुमतं. कंपनीच्या नळ्याइतकाच व्यास, फार तर ५१ मिमी. पत्र्याची जाडी १.५ मिमी. ५१ च्या नळ्याचं वजन १.५ मिमीला मीटरमागे सुमारे १.८५ किलो, १.२ मिमीला दीड किलो. वाचणारं वजन नगण्य, आणि पातळ नळा जास्त कर्कश वाजतो. वाकण मँड्रेलवर (नळ्याच्या आत आधार घालून) करून घ्या. साध्या प्रेसवर आतली बाजू चेपून व्यास कमी होतो.

आवाज मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली कारवाई होते, म्हणून डबा सरळ आरपार नळ्याचा घेणार असाल तर मध्ये एक रेझोनेटर (आवाज कमी करणारा छोटा डबा) ठेवा. आणि नळ्याला कापडी पट्टी गुंडाळू नका. पावसाळाभर ती मीठ आणि ओल धरून बसेल, मग ३०४ लाही खड्डे पडतात.