'फौजीला कसला आलाय ताण?' या पोस्टला उत्तर

गडहिंग्लजची लेक: काल रंकाळाकरांनी लिहिलं, "चाळिशीच्या आत पेन्शन, दवाखाना फुकट, दारू स्वस्त. फौजीला कसला आलाय ताण?" रात्रभर डोक्यात बसलं, म्हणून लिहिते.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मधली काही वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मीरात कुपवाड्याकडं. आमच्या घरी रोज रात्री पावणेनऊला हजेरी होते. बाबा तोंडातून शब्द काढत नाहीत. पडवीतून आत येतात, आजी, आई, मी, भाऊ, एकेकावर नजर टाकतात आणि ओठ हलतात. मग कडी लावतात. झोपल्यावर परत उठून कडी बघतात. एकदा इचलकरंजीहून येताना भावाची शेवटची एसटी चुकली, त्यात फोन बंद. बाबा भर पावसात बॅटरी घेऊन स्टँडवर दोन तास उभे. भाऊ उतरला तशी त्याच्या कानफटात दिली आणि तिथंच बाकावर बसून रडले. निवृत्त होऊन तेव्हा ९ वर्षं झाली होती. गल्ली म्हणते, काय शिस्त हाय!

आणि दवाखाना फुकट नाही हो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना, २००३ साली सुरू झाली, तिची वर्गणी निवृत्त होतानाच कापून घेतात.

रंकाळाकर: ताई, वडिलांना नमस्कार. पण माझा मामा शिरोळचा. २०१९ च्या पुरात घर गेलं, म्हशी गेल्या. अजून पाऊस लागला की रात्रभर उंबऱ्यात बसून असतो. त्याला कुठलं कार्ड, कुठली पेन्शन? फौजीचं दुःख तेवढं दुःख, आणि शेतकऱ्याचं?

सुभेदार (निवृत्त): त्या पुरात बोटी घेऊन कोण आलं होतं रं?

रंकाळाकर: झालं! आता प्रत्येक गोष्टीला हेच ऐकवणार.

सुभेदार (निवृत्त): ऐकवणारच. आता दुसरं ऐक. फौजेत तब्येतीची वर्गवारी असते, 'शेप' म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर एस, म्हणजे डोकं. गुडघा गेला, कान गेला तर लोक हळहळतात. एस घसरला की हातातलं हत्यार जातं, प्रमोशन अडतं आणि लंगरात शेजारी बसणारा जरा सरकून बसतो. मग माणूस काय करतो? कंबर दुखते म्हणून सांगतो. मी १४ वर्षं कंबर दुखते म्हणून सांगितलं. कंबरेला काय बी झालं नव्हतं.

वकिलीण बाई: सुभेदारसाहेब, २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा धर्मवीर सिंग निकाल वाचा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. नाही म्हणायचं असेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. २०२३ ला मात्र नवे नियम आले आणि काही प्रकरणांत अशा आजारापोटी मिळणाऱ्या पैशांचं 'डिसॅबिलिटी' हे नाव जाऊन 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं.

सुभेदार (निवृत्त): बाई, निकाल चांगलाय. पण ज्यानं आजार कधी सांगितलाच न्हाई, त्याच्या कागदावर तुम्ही काय दाखवणार?

शुक्रवार पेठ: हे सगळं खरं मानू. पण फौजी कँटीनमधनं महिन्याच्या कोट्यात मिळणाऱ्या स्वस्त दारूच्या बाटल्या बाहेर विकतात त्याचं काय? सगळ्यांना ठाऊक हाय.

सुभेदार (निवृत्त): आणि घेतंय कोण? तुझ्यासारखंच कोणतरी! परवा एक पाव्हणा लग्नाची पत्रिका द्यायला आला. पत्रिका अजून हातातच, आणि विचारतोय, "काका, या महिन्याचा कोटा शिल्लक हाय का?" वीस वर्षं झाली, तब्येत कशी हाय म्हणून एकानं विचारलं न्हाई.

शुक्रवार पेठ: आवाज खाली ठेवा, मी तुमच्या दारात आलो नव्हतो. आणि विकणारा साधू काय? आमच्या मेव्हण्याला शिक्का फोडलेली बाटली दिली होती एकानं.

रंकाळाकर: मुद्दा कुठला, चाललंय कुठं!

गडहिंग्लजची लेक: 'दारू स्वस्त' तुम्हीच लिहिलंत.

आजऱ्याची वहिनी: मी एरवी लिहीत नाही. आमच्यात विकत नाहीत, घरातच संपते. झोपेसाठी घेतो म्हणतात. मी बाटलीच्या लेबलावर पेनानं रेघ मारून ठेवते. ते रेघेपर्यंत पाणी भरून ठेवतात. रमचा रंग फिका झाला की मला कळतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळतं. कुणीच काही बोलत नाही. सकाळी ६ ला गोकुळ शिरगावला सिक्युरिटीच्या ड्युटीवर हजर, युनिफॉर्मला कडक इस्त्री.

शुक्रवार पेठ: वहिनी, माफ करा. मी मघाशी जे बोललो ते... राहू दे.

वकिलीण बाई: वहिनी, १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. फौजींसाठी २०२३ च्या डिसेंबरात पुण्याला एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, वेगळा कक्षही सुरू झालाय.

आजऱ्याची वहिनी: ते करणार नाहीत.

वकिलीण बाई: त्यांनी नाही, तुम्ही करा. घरच्यांनीही केलेला चालतो.

सुभेदार (निवृत्त): आणि अग्निवीरांचं काय? २०२२ पासून घेतलेत. ४ वर्षांनी चौघांतले तिघे घरी. पेन्शन न्हाई, ईसीएचएस न्हाई. माझा पुतण्या त्यातच हाय. त्यानं कंबर दुखते म्हणून कुणाला सांगायचं?

रंकाळाकर: बरं बाबा, हरलो. 'कसला आलाय ताण' ही ओळ काढतो. दवाखाना फुकट हेपण काढतो. मामाचं मात्र काढणार न्हाई.

गडहिंग्लजची लेक: मामाचं काढा असं कोण म्हणालं? तो नंबर मामालाही चालतो.

रंकाळाकर: बघतो. पण कँटीनच्या दारात गाड्या आडव्या लावतात, एवढं तरी खरं का न्हाई?

सुभेदार (निवृत्त): ते खरं हाय.