इटलीच्या बंदरांवरच्या किनारी सहली : जहाजाकडून घ्यायच्या की आपल्या आपण करायच्या? (अनुभव धागा)

भूमध्य समुद्रातल्या क्रूझची यादी वाचताना 'रोम', 'फ्लोरेन्स', 'व्हेनिस' अशी नावं दिसतात. प्रत्यक्षात जहाज रोमला लागत नाही, चिविताव्हेक्कियाला लागतं. फ्लोरेन्स म्हणजे लिव्होर्नो. व्हेनिसचं तर काय सांगावं, कधी कधी रावेन्ना. बंदर आणि शहर यांच्यातल्या अंतरावरच सगळं गणित बसतं किंवा फिसकटतं. इटलीतली बंदरं ज्यांना नीट माहीत आहेत त्यांनी इथे बंदरवार लिहावं ही विनंती. 'खूप मजा आली' नको. किती वाजता काय गाठायचं, कुठे चुकतं आणि का चुकतं, तेवढं लिहा.

सुरुवात म्हणून एक ढोबळ हिशेब देते. जहाज ७ वाजता लागलं म्हणजे ७ वाजता आपण बाहेर, असं होत नाही. परवानगी मिळून, रांग सरकून पाय जमिनीला लागेपर्यंत पाऊण तास जातो. संध्याकाळी ७ ला जहाज सुटणार असेल तर 'सर्वांनी जहाजावर' ही वेळ ६ ते ६.३० ची असते, ७ ची नव्हे. म्हणजे कागदावरचे बारा तास आधीच साडेदहा झाले. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा. उरलेला वेळ चार तासांहून कमी असेल तर ते ठिकाण सोडून द्या किंवा जहाजाची सहल घ्या. जहाजाच्याच सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमची ट्रेन अडकली तर थांबत नाही.

प्रतिसाद १ : रोम

चिविताव्हेक्किया ते रोम साधारण ७०-८० किमी. बंदराच्या आत चालत फिरू देत नाहीत. जहाजापासून बंदराची बस 'लार्गो देल्ला पाचे' या थांब्यावर सोडते. तिथून स्टेशनला दुसरी बस मिळते, किंवा समुद्राच्या कडेने वीसेक मिनिटं चालायचं.

रीजनल गाडीने रोमा सान पिएत्रो स्टेशन पाऊण ते एक तासात येतं, रोमच्या मुख्य स्टेशनला, तेर्मिनीला, आणखी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. नव्वद टक्के लोक सवयीने तेर्मिनीचं तिकीट काढतात आणि तिथेच वेळ घालवतात. व्हॅटिकन बघायचं असेल तर सान पिएत्रोलाच उतरा, सेंट पीटरचा चौक पंधरा मिनिटं चालत आहे. कोलोसियम हवं असेल तर ओस्तिएन्सेला उतरा. तिथून भुयारी रस्ता पिरामिदे मेट्रोला जोडलेला आहे. बी लाइनने दुसरंच स्टेशन कोलोस्सेओ.

व्हॅटिकनमध्ये नेहमी होणारी चूक अशी : हातात म्युझियमचं वेळेचं तिकीट असतं आणि माणूस उभा असतो चौकातल्या मोठ्या चर्चच्या, म्हणजे बॅसिलिकाच्या सुरक्षा रांगेत. म्युझियमचं दार चौकात नाही, भिंतीला वळसा घालून उत्तरेला व्हियाले व्हातिकानो या रस्त्यावर आहे. चौकातून आणखी पंधरा मिनिटं. म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा सकाळी फुकट उघडा असतो, पण त्या दिवशी क्रूझवाल्यांनी तिकडे फिरकू नये, गर्दी मुंगीला वाट न देणारी. बुधवारी पोप रोममध्ये असतील तर सकाळी चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते, तोवर बॅसिलिकात शिरणं अवघड. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बरमुडा घातलेल्या काकांना दारातून परत पाठवतात, एक हलकी लुंगी किंवा ओढणी पिशवीत असू द्या.

कोलोसियमचं तिकीट नावाचं आणि वेळेचं असतं, विक्री ३० दिवस आधी उघडते. सकाळी ९ चा स्लॉट पकडू नका. जहाज बंदरात अर्धा तास उशिरा लागलं तरी तो बुडाला. ११ च्या पुढचा घ्या.

व्हॅटिकन म्युझियम आणि कोलोसियम दोन्ही एका दिवसात? नको. कागदावर बसतं, पायांना बसत नाही.

प्रतिसाद २ : तिकिटावरून दंड, आणि संप

वर ट्रेनचं आलंच आहे म्हणून लिहितो. रीजनल गाडीचं कागदी तिकीट काढलं म्हणजे झालं असं नाही. फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात ते खुपसून तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. शिक्का उमटला की नाही ते वाचून बघा, कधी शाई संपलेली असते. मोबाइलवरचं तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी चेक-इनचं बटण दाबायचं. तिकीट असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरणारे पर्यटक रोज दिसतात, आणि तपासनीस 'आम्हाला माहीत नव्हतं' ऐकून घेत नाही.

रोमच्या बाजूला 'बिर्ग' नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं. चिविताव्हेक्कियापासूनच्या रीजनल गाड्या आणि रोममधली मेट्रो-बस त्यात येते. दोन-तीनदा मेट्रोत चढणार असाल तर सुटं तिकीट काढण्यापेक्षा हे बरं.

आता संप. इटलीत 'शोपेरो' आधी जाहीर होतो, त्यामुळे निघायच्या आठवड्यात तारखा तपासा. संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही गाड्यांची हमी असते. क्रूझवाल्याची अडचण बघा : सकाळची हमीची गाडी मिळून रोमला पोचता येतं, पण परतीला ३-४ वाजता गाडी हवी असते, आणि ती नेमकी हमीच्या बाहेर. संपाच्या दिवशी ट्रेनचा नादच नको.

प्रतिसाद ३ : नेपल्स

नेपल्स हे आपल्या आपण करायला सगळ्यात सोपं बंदर. जहाज मोलो अंजोइनो या धक्क्याला, म्हणजे थेट शहराच्या पायरीशी लागतं.

पॉम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहराला, जायला सिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल. बहुतेक जण गारिबाल्दी स्टेशनला जाऊन चढतात आणि पस्तीस-चाळीस मिनिटं लोंबकळत जातात. ही गाडी एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाला सुटते. तिथे गेलात तर बसायला जागा मिळते. डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन जागा पकडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खिसेकापूही मुंबईच्याच दर्जाचे आहेत, पाकीट पुढच्या खिशात. हंगामात 'काम्पानिया एक्स्प्रेस' नावाची कमी थांब्यांची, राखीव जागांची गाडीही असते, ज्येष्ठांसाठी ती घ्या.

गाडी सोरेंतोच्या दिशेची हवी आणि स्टेशन 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी'. नुसतं 'पॉम्पेई' नावाचं सरकारी रेल्वेचं स्टेशन वेगळं, आणि 'पॉम्पेई सान्तुआरिओ' हे याच लोकलच्या दुसऱ्या फाट्यावरचं तिसरंच. बरोबर स्टेशनला उतरलात तर पोर्ता मारिनाचं प्रवेशद्वार जवळजवळ समोर आहे.

नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकीट नावाचं असतं. ३० × ३० × १५ सेंमीहून मोठी पिशवी आत नेता येत नाही, म्हणजे पाठीवरची नेहमीची सॅक बाद. आत सावली नावाला. पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घेता येते.

रस्ते मोठ्या काळ्या दगडांचे, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मधोमध रस्ता ओलांडायचे उंच दगड. खाली बघून चालावं लागतं, गुडघेदुखी असलेल्यांची इथेच परीक्षा. त्यांच्यासाठी पियात्सा अम्फितेआत्रोच्या दारापासून अडथळे काढलेला एक मार्ग आखलेला आहे, तीन किलोमीटरहून लांब. जहाजाची सहल घेणार असाल तर बस कोणत्या दाराशी सोडणार ते विचारा, बहुतेक सहली पोर्ता मारिनाच्या चढानेच आत नेतात.

अर्धाच दिवस असेल तर पॉम्पेईऐवजी हर्क्युलेनियम, त्याच ज्वालामुखीने गाडलेलं दुसरं गाव. त्याच लोकलने एर्कोलानो स्काव्ही, वीसेक मिनिटं. स्टेशनपासून सरळ उतारावर दहा मिनिटं चाललं की आलं. गाव लहान, दोन तासांत नीट बघून होतं. इथे लाकडी तुळया, जिने, वरचे मजले शाबूत आहेत. कारण पॉम्पेईवर आधी हलके दगड आणि राख बरसली आणि छपरं कोसळली. इथे मात्र तापलेल्या राखेचे लोट आले, लाकूड कोळशासारखं होऊन टिकलं. मला विचाराल तर पहिल्यांदाच येणाऱ्यानेही हर्क्युलेनियम निवडायला हरकत नाही, पण नाव पॉम्पेईचं मोठं.

प्रतिसाद ४ : काप्री आणि अमाल्फी

काप्रीच्या जलद बोटी मोलो बेव्हेरेल्लोहून सुटतात, जहाजाच्या शेजारीच. सुमारे ५० मिनिटं. मोह होतो, पण वारा वाढला की या बोटी रद्द होतात आणि तुम्ही बेटावर. जायचंच तर सकाळची पहिली-दुसरी बोट आणि परत दुपारीच. समुद्रातल्या प्रसिद्ध निळ्या गुहेच्या भरवशावर काप्री बेट निवडू नका. तिचं तोंड इतकं बुटकं की होडीत आडवं पडून आत जावं लागतं, थोडी लाट असली तरी बंद.

अमाल्फी या किनाऱ्यावरच्या गावाचा रस्ता एकपदरी वळणांचा. जून ते सप्टेंबर जहाजाच्या सहलीशिवाय जाऊ नये.

प्रतिसाद ५ : लिव्होर्नो

हे बंदर मालवाहू. कंटेनरमधून चालत जाऊ देत नाहीत, जहाजाची शटल गावातल्या चौकात सोडते आणि तिचे बहुतेकदा पैसे पडतात. चौकातून स्टेशन आणखी दोन-तीन किमी, बस किंवा टॅक्सी. स्टेशनहून पिसा वीसेक मिनिटं, फ्लोरेन्स साधारण दीड तास. म्हणजे जहाज ते फ्लोरेन्सचा चौक धरून जाताना अडीच, येताना अडीच.

म्हणून फ्लोरेन्ससाठी जहाजाची 'ऑन युवर ओन' सहल घ्या. तिच्यात फक्त बस असते, गाइड नसतो, तिकिटं नसतात. स्वस्त पडते आणि परतीची हमी मिळते. बस फि-पि-ली (फ्लोरेन्स-पिसा-लिव्होर्नो) या रस्त्याने येते, तो तुंबतो, पण तुंबला तरी जहाज तुमच्यासाठी थांबणार. सोमवारी उफीत्सी आणि अकाडेमिया ही दोन्ही म्युझियम बंद. जहाज सोमवारी लागत असेल तर अकाडेमियातला मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा अस्सल पुतळा विसरा, चौकात आहे ती प्रत. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ राखून ठेवावी लागते.

पिसा एकटं करणार असाल तर ट्रेन उत्तम. झुकत्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, पिशव्या खाली ठेवाव्या लागतात. 'पिसा आणि फ्लोरेन्स एका दिवसात' या सहलीत पिसाला तासभर मिळतो. त्यात मनोरा ढकलतानाचा फोटो होतो.

प्रतिसाद ६ : ला स्पेत्सिया

इथून गाठायची ती चिंक्वे तेर्रेची समुद्रकाठची पाच गावं : रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निलिया, व्हेर्नात्सा, मोंतेरोस्सो. दिवसभराचं ट्रेन कार्ड घ्या, त्याची किंमत हंगाम आणि वारानुसार बदलते. युक्ती एकच : सगळे रिओमाज्जोरेपासून सुरू करतात, तुम्ही आधी शेवटचं मोंतेरोस्सो गाठा आणि एकेक गाव करत मागे या. दिवस सरतो तसे तुम्ही बंदराच्या जवळ येत जाता. तीन गावं पुरे. कोर्निलिया स्टेशनपासून वर आहे, सुमारे ३८० पायऱ्या, बसही असते पण ती गाठणं नशिबावर. डोंगरवाटांवर स्लिपर घालून गेल्यास दंड होतो, हे गमतीने लिहीत नाही.

प्रतिसाद ७ : 'व्हेनिस' म्हणून विकलेली बंदरं

ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं जुदेक्का कालव्यातून व्हेनिसच्या पोटात जाऊ शकत नाहीत. आता बंदर मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्ना असतं. बुकिंग करताना कंसातलं नाव वाचा.

रावेन्नाहून व्हेनिस बसने एका बाजूला अडीच तास धरा. त्यापेक्षा रावेन्नाच बघा. मोझेकसाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या आठ वास्तू १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यातल्या गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाधीत एका वेळी थोड्याच लोकांना, तेही मोजक्या मिनिटांसाठी सोडतात. आत शिरल्यावर लगेच फोन काढू नका. दगडाच्या पातळ पत्र्यातून येणाऱ्या पिवळसर उजेडाला डोळे सरावले की मग वरचं निळं छत आणि चांदण्या दिसायला लागतात.

त्रिएस्तेला जहाज मुख्य चौकालाच लागतं. व्हेनिसची ट्रेन साधारण दोन तास. व्हेनिसला एका दिवसासाठी जाणाऱ्यांना ठरावीक तारखांना प्रवेश शुल्क आहे. ते आधी ऑनलाइन भरून क्यूआर कोड जवळ ठेवा, आयत्या वेळी भरलं तर जास्त पडतं.

प्रतिसाद ८ : मेस्सिना

मेस्सिनाहून बरेच जण तावोर्मिना या डोंगरावरच्या गावाला जातात. तिथलं रेल्वे स्टेशन समुद्राकाठी आहे आणि गाव दोनशे मीटर वर. स्टेशनहून बस घ्यावी लागते, नकाशावर ते कळत नाही. जायचं नसेल तर दुपारी बारा वाजता मेस्सिनाच्याच कॅथेड्रलच्या घड्याळासमोर उभे राहा. सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, बाहुल्या फिरतात, दहा-बारा मिनिटांचा खेळ. हे यंत्र १९३३ चं, स्ट्रासबुर्गच्या कारागिरांनी बनवलेलं. फुकट, आणि जहाजापासून दहा मिनिटांवर.

प्रतिसाद ९ : सहलीच्या वर्णनातले शब्द, आणि किरकोळ

'पॅनोरमिक' म्हणजे बसच्या काचेतून. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, आत प्रवेश नाही. 'जेवणासह' म्हटलं की दीड तास गेला असं समजा. शाकाहारी असाल तर टोमॅटोचा पास्ता, आणि जैन असाल तर आधी लेखी कळवूनही लसूण येतोच. पारमेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं आणि जिनोआच्या पेस्तोमध्ये चीज असतं, हे पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

खाजगी व्हॅन आठ जणांत वाटली तर जहाजाच्या सहलीपेक्षा बरेचदा स्वस्त पडते. पण चालक म्हणजे गाइड नव्हे. स्मारकाच्या आत माहिती सांगायला परवानाधारक गाइड लागतो, तो वेगळा ठरवावा लागतो. जहाजाने बंदरच टाळलं तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या. जहाजाच्या सहलीचे आपोआप परत येतात.

अठरा वर्षांखालच्या मुलांना सरकारी म्युझियम आणि पॉम्पेई-कोलोसियम फुकट, कुठल्याही देशाची असली तरी. पण वेळ राखलेलं शून्य युरोचं तिकीट त्यांच्या नावाने काढावं लागतं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात, तेव्हा रंगीत झेरॉक्स जवळ ठेवा.

आणि रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दिनक्रमाच्या कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्यालाच करायचा असतो.