चावी द्यायचं सुख

‘मोबाइलवर सेकंदासकट वेळ दिसते, मग जुनी घड्याळं जमवायची कशाला?’ प्रश्न रास्त आहे, पण अचूक वेळेसाठी ती कुणी जमवतच नाही. माझी एचएमटी जनता, म्हणजे रोज चावी द्यावी लागणारं जुनं मनगटी घड्याळ, दिवसाकाठी अर्धा मिनिट पुढे पळते. पळू दे बापडी! सकाळी चहाआधी चावी द्यायची, बोटाला स्प्रिंग ताठ लागली की थांबायचं आणि घड्याळ कानाला लावायचं. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. आत १७ ज्वेल्स, तीही कृत्रिम माणकं. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळुरूत सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळांचं हे यंत्र आजही सुटं करून, तेलपाणी करून पुन्हा चालतं.

नव्याने या नादाला लागणाऱ्यांनी मात्र चकचकीत डायलला भुलू नये. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळशा डायली नव्याने रंगवलेल्या असतात. भिंगाखाली धरा, अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतील. मीही एकदा फसलोय. निळीशार डायल, आतली मशीन तिसऱ्याच घड्याळाची! त्यापेक्षा पिवळट, डाग पडलेली मूळ डायल कधीही बरी.