चिऱ्याचं घर, मागच्या खोलीत नेट तुटतं. मोठा प्लॅन घेऊ का?

माजघर_देवरूख

नमस्कार. देवरूखपासून आत आमचं गाव. घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं, दीड फुटी भिंती, वर कौलं. फायबर गेल्या वर्षी आलं. वायर पुढच्या पडवीतून आत येते, म्हणून बॉक्सही तिथंच ठोकून गेले. मी कामाला बसते मागच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या पलीकडे, कारण पुढे सासऱ्यांकडे दिवसभर माणसांची ये-जा असते. पुण्याच्या एका ऑफिससाठी विम्याच्या क्लेमची कागदपत्रं तपासते. संध्याकाळी टीमचा व्हिडिओ कॉल असतो आणि नेमकी मी बोलायला लागले की आवाज तुटतो. लॅपटॉपवर वायफायच्या दोन दांड्या दिसतात, मध्येच 'कनेक्टेड, इंटरनेट नाही' येतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. मोबाइलवर बॉक्सपाशी स्पीड मोजला तर ९०च्या वर, मागे ४ नाहीतर ५.

दुसरी तक्रार पावसातली. जोराची सर आली की बॉक्सवरचा एक दिवा लाल होतो आणि सगळंच बंद. सर ओसरली की थोड्या वेळाने आपोआप चालू.

कनेक्शनवाले म्हणतात २००चा प्लॅन घ्या. बाजारातला दुकानदार म्हणतो रिपीटर लावा. दोन्हीला पैसे लागणार, आणि ही नोकरी मला घालवायची नाही. आधी काय करू?

कीबोर्ड_सांगली

ताई, वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएस ८.८.८.८ टाका आणि बॉक्स बंद करून चालू करा. माझ्याकडे 'इंटरनेट नाही' येत होतं ते यानेच गेलं.

जुना_लाइनमन

ताई, एक रुपयाही खर्च करू नका अजून. आधी दुखणं कुठे आहे ते शोधू. माझी हयात टेलिफोनच्या खांबांवर गेली. तिथे पहिला नियम एकच होता, लाइनीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. तुमच्याकडे तुकडे दोन: खांबावरून बॉक्सपर्यंतची फायबर, आणि बॉक्सपासून लॅपटॉपपर्यंतची हवा.

लॅपटॉप मागच्या खोलीतच ठेवा. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजी अक्षरांत पिंग, जागा, १९२.१६८.१.१, जागा, मग वजा चिन्ह आणि टी असं लिहून एंटर दाबा (आकडेही इंग्रजीच टाका. बॉक्सच्या पाठीवरच्या स्टिकरवर वेगळा पत्ता छापला असेल तर तो). ओळी पळायला लागतील. तशीच दुसरी खिडकी उघडा आणि तिथे ८.८.८.८ला, म्हणजे घराबाहेरच्या गूगलच्या पत्त्याला, पिंग करा. दोन्ही शेजारी ठेवून संध्याकाळचा कॉल होऊ द्या.

कॉल तुटला त्या क्षणी पहिल्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर तुमचा लॅपटॉप स्वतःच्या घरातल्या बॉक्सपर्यंतच पोचत नाही. कंपनीचा त्यात संबंध नाही. पहिली खिडकी नीट पळते आणि दुसरी अडखळते, तर घराबाहेरचा दोष. दोन्ही नीट आणि तरी साइट उघडत नाहीत, तरच सांगलीकरांचा डीएनएसचा उपाय. त्यांचं चूक नाही, पण डीएनएस फक्त साइटच्या नावावरून पत्ता काढून देतो. लागलेल्या कॉलमधला आवाज त्याने तुटत नाही.

माझा अंदाज आत्ताच सांगतो, दोष भिंतींत आहे. बॉक्सपाशी ९० आणि मागे ४, तर २०० घेतल्यावरही मागे ४च येणार. व्हिडिओ कॉलला तसे ३-४ एमबीपीएस पुरतात, पण ते सलग लागतात. जांभा सच्छिद्र दगड आहे, पावसाळाभर पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत रेडिओलहर जास्त खाते. अशा दोन-तीन भिंती मध्ये असतील तर दांड्या दिसतात पण बोलणं पोचत नाही.

अजून एक बघा. वायफायच्या यादीत तुमची दोन नावं दिसतात का, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं? त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, जवळून वेगवान पण भिंतीपुढे दुबळा. मागच्या खोलीत साध्या नावाला, म्हणजे २.४ला जोडा आणि ५जीवालं नाव लॅपटॉपला विसरायला लावा.

गॅलरीतून_डोंबिवली

२.४वर जाताना चॅनलही बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये एका खोलीत वीसएक वायफाय दिसतात, सगळे एकमेकांच्या अंगावर. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. बॉक्समध्ये 'ऑटो' असेल ते काढून यातला मोकळा निवडला तेव्हा आमच्याकडे फरक पडला. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो.

जुना_लाइनमन

डोंबिवलीत हे अगदी बरोबर, तिथे गर्दी हेच दुखणं. ताईंच्या वाडीत शेजारचं घर आंबा-फणसापलीकडे, तिथे चॅनल बदलून फारसं हाती लागणार नाही. पण बदलायला फुकट आहे, बदला.

माजघर_देवरूख

काका, केलं. कॉल चालू असताना पहिल्याच खिडकीत तुटतंय. आधी ४, ७ असे मिलिसेकंद, मग एकदम ३००, ९००, आणि मग टाइम्ड आउट. २.४ला जोडल्यावर कमी झालं, पण गेलं नाही. लॅपटॉप पडवीत नेला तर एक ओळसुद्धा चुकत नाही. म्हणजे भिंतीच. मग रिपीटर घेऊ ना?

जुना_लाइनमन

छान काम केलंत. आता कोणी प्लॅन विकायला आला तर त्याला हेच आकडे दाखवा.

रिपीटर मी सुचवणार नाही. साधा रिपीटर हवेतून ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा बोलतो, एकाच पट्ट्यावर दोन्ही केलं की वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो लावतात जिथे सिग्नल नाही तिथे. त्यालाच नीट ऐकू आलं नाही तर तो पुढे काय देणार?

चिऱ्याच्या घराला औषध एकच, वायर. बॉक्सला मागे पिवळे किंवा काळे लॅन पोर्ट असतात, त्यातून कॅट ६ केबल मागच्या खोलीत न्या. १०० मीटरपर्यंत ही केबल चालते, तुमचं घर त्याच्या कितीतरी आत. भिंतीला भोक पाडू नका, चिरा फुटतो. केबल माळ्यावरून वाशांच्या कडेने न्या, पण उघडी टाकू नका, कौलारू घरात उंदीर एका पावसाळ्यात कुरतडतील. वायरिंगवाल्याकडून पीव्हीसीची नळी घ्या आणि त्यातून ओढा. केबल घेताना 'आत पूर्ण तांबं आहे का' हे विचाराच. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती लवकर मोडते. टोकं ठोकणाऱ्याला आठही तारा लावायला सांगा. चारच लावल्या तरी नेट चालतं म्हणून काहीजण तेवढ्यावर भागवतात, पण मग पुढे कधीही १००च्या वर जाता येत नाही.

लॅपटॉपला थेट केबल लावलीत की कॉलचा प्रश्न संपला. मोबाइललाही मागे वायफाय हवं असेल तर घरात पडलेला जुना राउटर शोधा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट आत घेणाऱ्या भोकात) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद करायचं विसरू नका, नाहीतर दोन्ही बॉक्स पत्ते वाटत बसतील आणि घरात कोणाचं नेट का चालत नाही ते कळणार नाही.

आता लाल दिवा. त्याच्यावर एलओएस लिहिलेलं असणार. त्याचा अर्थ फायबरमधून येणारा प्रकाश बॉक्सला दिसत नाही. ही मात्र शंभर टक्के त्यांची जबाबदारी. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड टाका, स्टेटसमध्ये ऑप्टिकल किंवा पॉन असं पान असेल. तिथली आरएक्स पॉवर, म्हणजे बॉक्सपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचं माप, लिहून कळवा. आकडा उणे असतो, जितका मोठा उणे तितका प्रकाश कमी. एकदा कोरड्या हवेत, एकदा पावसात.

फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला वाईट.

माजघर_देवरूख

कोरड्यात उणे २६. सर आली तेव्हा उणे २७ च्या पुढे गेलं आणि दिवा लाल झाला.

जुना_लाइनमन

मग झालंच निदान. या बॉक्सना साधारण उणे ८ ते उणे २७च्या मध्ये राहावं लागतं. तुमचं कोरड्यातच काठावर आहे. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. ते उणे २०वर आणून दिलं तर आत्ताच्या चौपट प्रकाश मिळेल आणि पावसाला पुरून उरेल.

तांब्याच्या काळात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की रिसीव्हरमध्ये खरखर यायची, माणूस लगेच ओळखायचा. फायबरला खरखर नाही, ती गप्पच होते, म्हणून आकडा मागावा लागतो. पाऊस काचेच्या तारेला काही करत नाही. वाऱ्याने झोळ पडलेली वायर फांदीवर वाकते, किंवा खांबावरच्या डब्यात जोड कच्चा असतो, किंवा फायबर बॉक्सला जोडणाऱ्या हिरव्या टोकावर धूळ असते. बॉक्सच्या मागे गुंडाळून खिळ्याला अडकवलेली वेटोळी आधी सैल करा, तळहाताएवढी मोठी. मग तक्रार लिहा, पण 'नेट बंद पडतं' असं लिहू नका. 'आरएक्स पॉवर उणे २६, पावसात एलओएस, जोड तपासून द्या' असं लिहा आणि त्या पानाचा फोटो जोडा. असं लिहिलं की फोनवरचा मुलगा 'बंद करून चालू करा' म्हणत नाही, थेट माणूस पाठवतो.

माजघर_देवरूख

माणूस येऊन गेला. खांबावरचा जोड नव्याने केला, आता उणे १९.८. केबलही माळ्यावरून आली, पुतण्याने नळीतून ओढून दिली. पहिल्या खिडकीत आता सगळ्या ओळी 'टाइम लेस दॅन १' दाखवतात. काल कॉलवर मीच सगळ्यांना क्लेम समजावून सांगितले, कोणी 'आवाज तुटतोय' म्हणालं नाही.

एकच विचारते, लाइट गेली की बॉक्स बंद पडतो. इन्व्हर्टर घ्यावा लागेल का?

जुना_लाइनमन

नाही. बॉक्सच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर ते छापलेलं असतं, तेवढ्याच मापाचा राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. अँपिअर कमी घेऊ नका, जास्त चालेल. मधल्या खांबावरच्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डब्याला) वीज लागतच नाही, त्यामुळे त्यांच्या ऑफिसात बॅटरी चालू असेल तोवर गावात अंधार असला तरी तुमचं नेट चालेल. जुना राउटर मागे लावलात तर त्यालाही वेगळा घ्यावा लागेल. लॅपटॉप केबलवर असेल तर एकच पुरे.